एसी गार करेना म्हणजे गॅसच संपला का?

मार्च लागला की हा मेसेज फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर, टुरिस्ट गाडीवाल्यांच्या ग्रुपवर. खाली ‘एका अनुभवी मेकॅनिककडून’ अशी सही असते, नाव नसतं. मजकूर थोडक्यात असा: गाडीचा एसी गार करत नसेल तर गॅस संपलाय, भरून घ्या. दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस भरणं ऑइल बदलण्याइतकंच गरजेचं. गेज (दाब मोजायचा मीटर) लावलं की गॅस किती उरलाय ते लगेच कळतं. थोडा जास्त भरला तर गारवा जास्त. थंडी-पावसात एसी लावू नका, गॅस वाचतो. गळती असेल तर लीक बंद करणारी बाटली सोडा. एवढं करूनही गार झालं नाही तर कॉम्प्रेसर गेला, बदला. शेवटी केबिन फिल्टर साफ ठेवा असं सांगितलंय, तेवढं मात्र शंभर टक्के खरं.

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि एसीचं काम करतो. हा मेसेज वाचून आलेलं गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, “फक्त गॅस मारून द्या.” म्हणून हे एकेक करून घेतो.

पहिलं आणि दुसरं एकत्रच बघू, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे की गॅस वापरून संपतो. तो संपत नाही. एसीचं सर्किट बंदिस्त असतं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ, म्हणजे द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये शिरताना त्याचा दाब पडतो, तिथे केबिनमधली उष्णता घेऊन तो पुन्हा वायू होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. छोट्या गाडीत हा सगळा खेळ ३५० ते ५०० ग्रॅमवर चालतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, हे मान्य. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या गाडीचा गारवा जरा उतरला तर नवल नाही. पण दरवर्षी गॅस लागत असेल तर कुठेतरी भोक आहे आणि तुम्ही दरवर्षी त्या भोकाचं भाडं भरताय.

गळती हे एसी मंदावण्याचं नेहमीचं कारण आहेच, मी ते नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते शोधून काढायचं कारण आहे, गृहीत धरायचं नव्हे. गारवा जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि बऱ्याच वाटा गाडीमालक स्वतः, एक पैसा न घालवता, ओळखू शकतो.

एसी चालू करा, ब्लोअर मोठा करा, पाच-सात मिनिटं इंजिन चालू द्या आणि बॉनेट उघडा. पट्टा आणि फॅन यांच्यापासून हात आणि सैल कपडे लांब ठेवा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे अॅल्युमिनियमचे दोन पाइप जातात, एक जाड, एक बारीक. जाड पाइपला हात लावा. तो गारेगार असेल, वर दव साचलं असेल आणि तरीही आत कोमट वारा येत असेल, तर गॅस आपलं काम करतोय. बिघाड हवेच्या बाजूला आहे. एकतर केबिन फिल्टर बोळा झालाय, नाहीतर हीटरकडची गरम हवा मिसळणारी झडप अर्धवट उघडी राहिली आहे. डॅशबोर्डमधून बारीक टकटक येत असेल, किंवा एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम येत असेल, तर संशय त्या झडपेच्या छोट्या मोटरवर घ्यायचा. कितीही गॅस भरला तरी ती झडप हलणार नाही.

दुसरी खूण लांबच्या प्रवासातली. पुण्याहून निघालात, एसी उत्तम, कराड यायच्या सुमारास वारा कमी-कमी होत जवळजवळ बंद. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवला की पुन्हा मस्त. ही कॉइलवर बर्फ धरल्याची लक्षणं. कॉइलचं तापमान मोजून कॉम्प्रेसरला वेळेवर थांबवणारा सेन्सर चुकतोय, किंवा फिल्टर तुंबून कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. कमी गॅसनेही कॉइलच्या एका भागावर बर्फ धरू शकतो, म्हणून इथे मोजमाप लागतंच. पण फिल्टर काढून बघायला कोण अडवतंय?

तिसरी खूण आमच्याकडे सगळ्यांत जास्त दिसते: हायवेला गार, सिग्नलला गरम. गेल्या उन्हाळ्यात एक हॅचबॅक आली. दुसरीकडे एकाच मोसमात दोनदा गॅस भरून झालेला. गेज लावून एसी चालू केला. कॉम्प्रेसर पुलीशी जोडणारा क्लच टक् करून लागला आणि हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसचा, काटा चढायला लागला. २५०, ३००, ३५० पीएसआय (हे दाबाचं माप). पुढचा फॅन ढिम्म. मगभर पाणी कंडेन्सरच्या जाळीवर ओतलं तर काटा सरसर खाली आला आणि मिनिटभरात आत गार वारा. म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी हवाच नव्हती. फ्यूज ठीक. रिले, म्हणजे फॅनला वीज जोडणारा स्विच, शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी बदलून पाहिला, तोही ठीक. फॅनच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावला तर दिवा पेटतोय! इथेच पुष्कळ जण फसतात आणि मोटर गेली म्हणून मोकळे होतात. सॉकेट सोडवून उन्हात धरला, तर एक पिन चॉकलेटी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून वाकडं. दिव्यापुरता करंट त्या जळक्या पिनमधून जात होता, फॅन फिरवण्याइतका नाही. नवा सॉकेट लावला, फॅन फिरला. मग गाडीतला गॅस मशिनने काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम लिहिलेले, निघाले ५०० च्या घरात.

त्या ५०० ग्रॅममध्ये मेसेजमधला ‘जास्त भरला तर जास्त गार’ हा सल्ला निकालात निघतो. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमधली जागा पातळ गॅसने भरते आणि वायूला पातळ व्हायला जागा उरत नाही. हाय साइडचा दाब वाढतो, इंजिनवर बोजा येतो, आणि दाब ४५० पीएसआयच्या आसपास गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गिऱ्हाइकाला वाटतं एसी मधूनमधून बंद पडतोय, गॅस कमी झाला असेल. की पुन्हा गॅस!

आता गेजबद्दल. यावर जरा थांबायला हवं, कारण हा दावा शास्त्रीय वाटतो आणि म्हणून जास्त फसवतो. गाडी बंद असताना सर्किटमध्ये जोवर थोडाही पातळ गॅस शिल्लक आहे, तोवर दाब ठरतो तो तापमानावर, गॅसच्या वजनावर नाही. सध्याच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. त्याचा दाब ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ३५ अंशांना ११४ च्या आसपास. आत २०० ग्रॅम असो की ४५०, काटा तिथेच. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय हे आपण उचलून बघतो, शेगडीच्या ज्योतीवरून ठरवत नाही, तसंच हे. मात्र ३५ अंशांच्या दुपारी बंद गाडीचा काटा ४० दाखवत असेल, तर पातळ गॅस पूर्ण गेला आहे आणि गळती नक्की आहे. तेवढं गेज छातीठोकपणे सांगतं.

गाडी चालू असताना गेज जास्त बोलतं, पण दोन्ही काटे एकत्र वाचले तरच. ३५ अंशांच्या हवेत लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० हे ढोबळमानाने निरोगी. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असल्याचा संशय. दोन्ही जास्त असतील तर फॅन, चिखलाने बुजलेला कंडेन्सर, आत शिरलेली हवा किंवा जादा गॅस. लो साइड शून्याखाली ओढली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) चोक. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर दाबत नाही. ‘गेज लावलं, चाळीस आहे, थोडा मारतो’ म्हणणारा यातला एकच काटा बघत असतो.

कॉम्प्रेसरवर आलोच आहोत तर ते संपवू. कॉम्प्रेसर फिरत नाही आणि कॉम्प्रेसर गेला, यांत पंधरा-वीस हजारांचा फरक आहे. क्लचवाल्या गाडीत पुलीच्या पुढची चकती एसी लावल्यावर फिरते का, ते नुसतं पाहून कळतं. फिरत नसेल तर बंद अवस्थेतला दाब बघा. दाब जवळजवळ नसेल तर लो प्रेशर स्विचने मुद्दाम अडवलंय, कारण गॅसबरोबर फिरणारं ऑइल मिळालं नाही तर कॉम्प्रेसर जाम होईल. दाब ठीक असेल तर भानगड विजेची: फ्यूज, रिले, क्लचची कॉइल, झिजून वाढलेला गॅप, किंवा पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येऊन बसलेल्या उंदराने कुरतडलेली वायर. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, आमचा जुलै-ऑगस्ट त्यांच्यावरच चालतो. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि मागचा कंट्रोल व्हॉल्व्ह दाब कमी-जास्त करतो. तिथे ‘टक् आवाज येत नाही, म्हणजे गेला’ हा निकाल साफ चूक.

आणि खरंच गेला असेल, ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसत असेल, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. तो चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत आणि ड्रायरमध्ये अडकलेला असतो. पाइप धुवून, ड्रायर बदलून, बहुधा कंडेन्सरही बदलून मगच नवा कॉम्प्रेसर लावायचा, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो.

थंडी-पावसात एसी बंद ठेवायचा सल्ला तर उलटाच आहे. कॉम्प्रेसरचं सील ओलं राहतं ते फिरणाऱ्या ऑइलमुळे. महिनोन्‌महिने बंद ठेवलं की सील सुकतं आणि गॅस तिथूनच जातो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायलाही एसीच लागतो.

राहिली लीक बंद करणारी बाटली. हवा आणि ओल लागली की घट्ट होणारं रसायन त्यात असतं, आणि ते भोक आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांत भेद करीलच असं नाही. ते पुढच्या गॅरेजच्या मशिनमध्ये गेलं तर मशिनही बसतं. त्यापेक्षा गळती शोधणं फार अवघड नाही. गॅसबरोबर ऑइल बाहेर येतं, त्यामुळे पाइपच्या जोडावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला की निम्मं काम झालं. मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनारपट्टीच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कंडेन्सर खाल्लेला असतो, तिथे आधी बघावं. कुठेच सापडत नसेल तर डॅशबोर्डमागची कॉइल. ती काढायची म्हणजे दिवस जातो, आणि म्हणूनच बाटली विकली जाते.

‘थोडी गळती चालते’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,४०० पट उष्णता धरतो. ४०० ग्रॅम हवेत गेला तर सव्वादोनशे-अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं झालं.

गॅस भरायचाच झाला तर समोर उभं राहून बघा. जुना गॅस मशिनने काढून त्याचं वजन सांगतात का? स्टिकरपेक्षा बरंच कमी निघालं तर गळती आधी, गॅस नंतर. निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावतात का, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढतात का? आतली ओल उकळून बाहेर पडते ती त्या व्हॅक्यूममध्ये. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि एसी थांबत-थांबत चालतो. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही ना, हे पाहतात का? आणि भरताना स्टिकरवरचे ग्रॅम तोलून भरतात, की डबा उलटा धरून ‘झालं साहेब, गार आलं’ म्हणतात? काढलेले आणि भरलेले ग्रॅम बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू केली तर गाडी बाहेर काढा.