काय परत देणार ते आधी सांगा

प्रोग्राममधल्या फंक्शनला काम सांगायचं, ते करून त्यानं काहीतरी हातात परत ठेवायचं, एवढाच व्यवहार. काय परत ठेवणार ते आधीच लिहून घ्यायची सोय म्हणजे रिटर्न टाइप. पीएचपी या वेबसाइटं बनवायच्या भाषेत ही सोय २०१५ साली, सातव्या आवृत्तीत आली. त्याआधीची वीस वर्षं सगळा कारभार विश्वासावर.

मी ज्या ओपन सोर्स प्रकल्पात फावल्या वेळी लुडबुड करतो, तो त्या विश्वासाच्या काळातला. 'रिटर्न टाइप सुधारा' हे काम तिथे 'नवख्यांसाठी सोपं' असं लेबल लावून टांगलेलं होतं. लेबल लावणारे गृहस्थ नंतर कधी फिरकलेले नाहीत.

पहिलंच फंक्शन घेतलं, युजरची सेटिंग शोधणारं. डोक्यावर कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप: 'बूल परत देतं.' म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, हो किंवा नाही. आत उतरून पाहतो, तर सेटिंग सापडली की ॲरे, म्हणजे मूल्यांची यादी. नाही सापडली की फॉल्स. डेटाबेस रुसला की नल, म्हणजे काहीच नाही. आणि तळाशी, एका इफच्या पोटातल्या इफमध्ये, चक्क 'एरर' ही स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं! शेजारी कुणीतरी लिहून ठेवलंय: 'तात्पुरतं. नंतर बघू.' काढून टाकावी म्हटलं, तर दुसऱ्या टोकाची एक फाइल नेमकी त्याच स्ट्रिंगची वाट बघत बसलेली. हे चौघं येतात, कधीच परत येत नाही ते एकच, बूलमधलं ट्रू.

पण त्या लिहिणाऱ्याला तरी काय बोलणार, मूळ घराण्याचंच, म्हणजे पीएचपीच्या स्वतःच्या फंक्शनांचंच, वळण तसं. मजकुरात पॅटर्न शोधणारं प्रेग मॅच पॅटर्न जुळला तर १ देतं, नाही जुळला तर ०, आणि पॅटर्नच गंडला असेल तर फॉल्स. शब्द कितव्या जागी आहे ते सांगणाऱ्या स्ट्रपॉसला तो अगदी सुरुवातीलाच सापडला तर ते ० देतं, सापडलाच नाही तर फॉल्स. दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केलीत तर दोन्ही सारखेच. तिसरं चिन्ह टाकाल तेव्हा फरक कळणार.

२०२० साली आठव्या आवृत्तीत युनियन टाइप आले आणि 'ॲरे किंवा फॉल्स किंवा नल' असं, मध्ये उभ्या रेघा टाकून, राजरोस लिहिता येऊ लागलं. त्याच आवृत्तीत 'काहीही येईल' असं सांगणारा मिक्स्डही आला. मिक्स्ड म्हणजे लग्नाला येणार का विचारल्यावर 'बघू, जमलं तर' म्हणणारे काका. खोटं काही बोलत नाहीत, पण पानं किती मांडायची ते शेवटपर्यंत कळत नाही. आमचा कोड रिव्ह्यू करणाऱ्या बाईंना मिक्स्डचा भयंकर तिटकारा. नुसता ॲरे लिहिला तरी त्या विचारतात, 'ॲरेत काय?'

खरी गोम पुढेच आहे. मूळ क्लासच्या मेथडला, म्हणजे क्लास नावाच्या साच्यातल्या फंक्शनला, मी टाइप लावला आणि तिच्यावर बेतलेल्या, कुणाच्या तरी प्लगइनमधल्या (बाहेरून जोडलेल्या भागातल्या) मेथडला तो नसला, तर पीएचपी ताकीद वगैरे देत बसत नाही, थेट फेटल एरर. साइट पांढरी. खुद्द पीएचपीवाल्यांनी २०२१ साली ८.१ मध्ये स्वतःच्या क्लासना टाइप लावले तेव्हा नुसत्या सूचनेवर भागवलं, वर ती सूचना गप्प करायची चिठ्ठीही दिली. आमच्यासारख्यांना ती सवलत नाही. म्हणून अशा मेथडना हात न लावता फक्त कॉमेंट सुधारायची, असा तोडगा निघाला. अगदी घटना समितीच्या थाटात चर्चा होऊन निघाला.

बाकी तपासायला पीएचपीस्टॅन आहे, कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं साधन. मोठा कडक गडी, पण आज ज्या चुका निस्तरायच्या नाहीत त्या बेसलाइन नावाच्या फाइलीत नोंदवल्या की त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आमची बेसलाइन स्क्रोल करताना बोट दुखतं.

परवा रात्री बायको मागे येऊन उभी राहिली.

"जेवण गार झालं. एवढं काय लिहितोयस?"

"कोलन, ॲरे, उभी रेघ, फॉल्स."

"याने काय होणार? आता चालेल का ते?"

"चालत तर आधीही होतं."

ती काहीही परत न देता निघून गेली. त्याला व्हॉइड म्हणतात. ७.१ पासून तोही लिहिता येतो.