टॉवर तुमचा स्पर्श वाचत नाहीत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: ‘शेजारशेजारचे मोबाइल टॉवर आता मिळून काम करतात. ते तुमचा स्पर्श, वास, विचार पकडून दुसऱ्याच्या मेंदूत सोडतात. परदेशात असंच दुरून ऑपरेशनही झालंय. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश याचसाठी आहेत.’ माझ्या भाचीला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र. मेसेज वाचून तिच्या आजीने तिला यंत्र काढून ठेवायला लावलं, म्हणून लिहितेय.

टॉवर मिळून काम करतात, हे खरं. टॉवरांच्या हद्दीवरच्या फोनला दोन-तीन टॉवर ताळमेळ राखून लहरी पाठवतात, म्हणजे त्या एकमेकींना मारक ठरत नाहीत. पण त्यांवरून जातात ते यंत्राने आधी तयार केलेले आकडेच.

‘पकडतात’? मेंदूतली विद्युत हालचाल डोक्याच्या कातडीवर पोचेपर्यंत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. ईईजीला, म्हणजे मेंदूचा आलेख काढायला, जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, तरी पेशंटने डोळे मिचकावले की आलेख बिघडतो. मग समोरच्या गच्चीवरच्या टॉवरला ती कशी कळणार?

‘सोडतात’? भाचीकडेच बघा. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, चुंबकाने चिकटलेली कॉइल तो कातडीपलीकडे पाठवते. अंतर काही मिलिमीटर. आत शस्त्रक्रियेने बसवलेले इलेक्ट्रोड श्रवणनाडीला चेतवतात. त्यानंतर कित्येक महिने स्पीच थेरपी, तेव्हा कुठे तिला ‘आई’ ही हाक ओळखू आली. एका संवेदनेसाठी एवढं लागतं. टॉवरच्या लहरींनी ते आपोआप होत असतं, तर तिच्या डोक्याला चीर कशाला दिली असती?

ऑपरेशन झालं, 2001 साली. डॉक्टर न्यूयॉर्कला, पेशंट स्ट्रासबर्गला. पण मध्ये होती फायबरची केबल. एकीकडून हाताच्या हालचाली गेल्या, दुसरीकडून चित्र आलं. स्पर्श दुरून जाणवून द्यायचा तर सेन्सरचा हातमोजा लागतो आणि सेकंदाला साधारण हजार वेळा मोजमाप. त्यासाठी उशीर एका मिलिसेकंदाच्या आसपास हवा; फायबरमधून पुण्याहून नागपूरला जाऊन यायलाच प्रकाशाला सहाहून अधिक लागतात.

खोडदच्या 30 डिश, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, फक्त ऐकतात: आकाशगंगा, पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारे तारे). मोबाइलच्या लहरी म्हणजे त्यांच्या कामात व्यत्यय.

आजी, शंका असेल तर ऑडिओलॉजिस्टना विचारू, मी येते बरोबर. यंत्र मात्र तिच्या कानावर राहू द्या.