पाळी लांबली म्हणून निरोध सोडू नका

चाळिशी-पन्नाशीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: पंचेचाळिशीनंतर दिवस राहत नाहीत, गुप्तरोग हा तरुण पोरांचा प्रश्न, आणि पुरुषाला ताठरता येत नसेल तर ते वयच, ताकदीची आयुर्वेदिक गोळी घ्या. यातलं एकही विधान खरं नाही.

दिवस राहत नाहीत? पाळी दोन-तीन महिने लांबली म्हणजे ती गेली नाही. सलग बारा महिने आली नाही, तरच डॉक्टर ती गेली असं धरतात. तोवर अधूनमधून बीज सुटतंच. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ साली, आणि आजही ‘जात असेल पाळी’ म्हणत बायका तपासणीच लांबवतात, याचं फार वाईट वाटतं.

गुप्तरोगांचं म्हणाल तर गरमी (सिफिलिस), एचआयव्ही कुठल्याही वयात होतात. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, बारीक जखमा होतात, संसर्गाला वाट मिळते. कोरडेपणावर खोबरेल तेल लावून वर कंडोम वापरू नका, तेलाने लॅटेक्स फाटतं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. दुसरं लग्न करताय? दोघांनी आधी तपासून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. शंका असेल तर १०९७ या सरकारी एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरं विधान सगळ्यात घातक. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. म्हणून वाहिन्या आतून आखडायला लागल्या की त्रास अनेकदा आधी तिथे जाणवतो, छातीत दुखायच्या काही वर्षं आधीसुद्धा. मधुमेहही कित्येकदा असाच उघडकीस येतो. ताठरता कमी झाली तर आधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासा. तंबाखू, सिगारेट सोडा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

आणि त्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्या! अशा अनेक गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, लपवून घातलेलं तपासणीत सापडलं आहे. छातीतल्या दुखण्यावर सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी घेणाऱ्याने अशी गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. अशी गोळी घेतली असेल आणि छातीत दुखू लागलं, तर दवाखान्यात पोचताच हे सांगा. लाजून लपवलंत, तर डॉक्टर नेहमीसारखी सॉर्बिट्रेटच जिभेखाली ठेवतील.