सिलिंग फॅनची पवनचक्की आणि ५ किलोवॉटची थाप

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. धुळ्यात माझं जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येकाचा खाली एकच प्रश्न: "भाऊ, हाई खरं शे का?" मजकूर थोडक्यात असा. भंगारातला सिलिंग फॅन गच्चीवर उभा करा, दीड हजारात ५ किलोवॉट वीज मिळेल. फॅन नसेल तर ट्रकचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, चालेल. त्यावर पाच एचपीचा पंप चालतो, घरचं बिल शून्य होतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या डोंगरावर कंपन्या याच वाऱ्यावर कोट्यवधी कमावतात. आफ्रिकेतल्या एका शाळकरी पोरानं सायकलच्या भंगारातून अख्खं गाव उजळवलं. कंपन्यांना हे दडवायचंय, म्हणून पुढे पाठवा.

भंगारातून पवनचक्की होते, हे आधी कबूल करतो. माझ्या मळ्यात एक उभी आहे. भांडण आहे ते आकड्यांशी.

५ किलोवॉटपासून सुरू करू. वीज मोटारीतून येत नाही, वाऱ्यातून येते; मोटार फक्त तिचं रूप बदलते. वाऱ्यातून किती मिळणार हे दोन गोष्टी ठरवतात: पाती फिरताना किती घेर, म्हणजे किती क्षेत्रफळ, व्यापतात आणि वारा किती वेगानं येतो. वेगाचा हिशोब घनाचा आहे. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. ४८ इंची फॅनचा घेर साधारण १.१३ चौरस मीटर. ताशी १८ किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाच्या बारक्या फांद्या हलवणारा, त्या घेरातून जाताना एकूण ८५ वॉट घेऊन जातो. ते सगळे काढता येत नाहीत, कारण हवा पूर्ण थांबवली तर मागची हवा येणार कुठून? जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ या भौतिकशास्त्रज्ञानं ही मर्यादा ५९.३ टक्के अशी मांडली, त्याला आता शंभर वर्षं झाली. घरगुती यंत्रात पाव हिस्सा हाती लागला तरी खूप. म्हणजे २० वॉट. असा वारा चोवीस तास न थांबता वाहिला तर दिवसाला अर्धं युनिट.

आता उलटं मोजा. त्याच घेरातून ५ किलोवॉट काढायचे, तर बेट्झची मर्यादा गाठणाऱ्या आदर्श यंत्रालाही ताशी ८० किलोमीटरच्या वर वारा लागेल, माझ्यासारख्याच्या यंत्राला ११०. तसा वारा रावेर-यावलला मे-जूनच्या वादळात सुटतो तेव्हा केळीचे बाग आडवे होतात, घरांवरचे पत्रे उडतात. त्या दिवशी तुमचा फॅन गच्चीवर नसेल, शेजारच्या गल्लीत असेल. पाच एचपीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट, तेव्हा त्याचं निराळं उत्तर द्यायला नको.

फॅनच्या मोटारीचं दुखणं आणखी वेगळं आहे. परवा साक्रीकडचा एक पोरगा जुना फॅन घेऊन आला. ड्रिल मशीनला जोडून फिरवला, तारांना बल्ब लावला, काही पेटेना. पेटणार कसा? साध्या सिलिंग फॅनमध्ये चुंबकच नसतो. ती इंडक्शन मोटार. बाहेरून वीज मिळाल्याशिवाय तिच्यात चुंबकत्व तयार होत नाही. कंडेन्सर लावून, जोरात फिरवून थोडी वीज काढता येते, पण तेवढा जोर रोजच्या वाऱ्यात नाही. काही जण रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, लेथवर आतून छिलून त्याला चुंबक चिकटवतात. ते चालतं, पण मग दीड हजाराचं बजेट चुंबकांतच संपतं. हल्लीच्या कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी फॅनमध्ये मात्र चुंबक असतो. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक ठाऊक असल्याचं कुठे दिसत नाही.

ट्रकचा अल्टरनेटर तर उलटा उधार मागतो. त्याच्या रोटरला आधी बॅटरीतून करंट द्यावा लागतो, १२ व्होल्टवर तीनेक अँपिअर, म्हणजे ३६ वॉट. दोन मीटर व्यासाच्या चक्कीतून १८ किलोमीटरच्या वाऱ्यात मिळतात साठेक वॉट. निम्म्याहून जास्त तोच खाणार. शिवाय त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे हवेत. अशी चक्की त्या वाऱ्यात अडीचशेच्या आसपास फिरते. पट्टा-पुली लावून फेरे वाढवाल, तर उरलेलं घर्षणात जाईल.

साक्रीचा दाखला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो नेमकं उलटं सिद्ध करतो. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर यंत्रं उभी आहेत ती हौसेनं नाहीत. तिथे वारा अडायला काही नाही. दोन मेगावॉटच्या आसपासच्या चक्कीचं एकेक पातं ४० मीटरच्या वर असतं आणि ती जमिनीपासून ऐंशी मीटरवर फिरते. घेर मोजला तर एका चक्कीत साडेचार हजारांवर सिलिंग फॅन मावतील. तरी सुरत रस्त्यानं डिसेंबरात जाऊन बघा, कितीतरी यंत्रं नुसती उभी दिसतात. आपला वारा जून ते ऑगस्टचा. आपल्या गच्चीवर तर टाक्या, जिने, शेजारचे मजले यांनी घुसळलेली हवा येते. पाती सारखी तोंड फिरवतात आणि खालची स्लॅब रात्रभर घुमते. मळ्यात तरी काय वेगळं? केळीच्या बागेभोवती आपणच शेवरी लावतो, ती वारा अडवायलाच.

तो आफ्रिकेतला पोरगा खरा आहे. मलावीचा विल्यम कामक्वाम्बा. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली, तेव्हा त्यानं वाचनालयातल्या पुस्तकावरून चक्की केली. ट्रॅक्टरचा फॅन, सायकलची फ्रेम, तापवून चपटे केलेले पीव्हीसी पाइप, सायकलचा डायनमो. त्यावर घरातले चार बल्ब आणि दोन रेडिओ चालले. अख्खं गाव उजळलं ही मेसेजवाल्याची भर. त्याच्या घरात तोवर वीजच नव्हती, म्हणून चार बल्ब फार मोठे होते. आपला सवाल बिल शून्य करण्याचा आहे, तो निराळा.

बिलच कमी करायचं असेल तर साक्रीलाच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, तो बघून या. खान्देशात ऊन उधार आणावं लागत नाही. छतावरचं एक किलोवॉट सरासरी चारेक युनिट रोज देतं.

मग मी चक्की कशाला केली? हौस. आणि एक कारण: आषाढात ढग बसले की पॅनल मान टाकतं, नेमका तेव्हाच वारा असतो. भंगारातून मी इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटार, म्हणजे चाकातच बसवलेली मोटार, उचलली. तिच्यात चुंबक आणि बेअरिंग आयतं. सहा इंची पाइपची तीन पाती, जुन्या कूलरच्या पत्र्याचं शेपूट, मोटारीच्या तीन तारा एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमधून बॅटरीला. खोपटातले दोन एलईडी आणि मोबाइल, एवढाच तिचा संसार. सोलरचा चार्ज कंट्रोलर तिला लावू नका. बॅटरी भरली की तो तार तोडतो, आणि मोकळी सुटलेली चक्की वेडी होते. माझं पहिलं पातं तसंच गेलं, थेट शेवरीत घुसलं. आता जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये जिरवतो. थांबवायची असेल तेव्हा वारा पडलेला बघून तिन्ही तारा एकत्र जोडतो, की ती जड होऊन रेंगाळते. आणि खांब बुडाशी बिजागरीवर घेतलाय. वादळाचा इशारा आला की दोघं मिळून आडवा करतो.