'वुल्फ क्रीक' आणि रस्त्यात थांबलेली दुसरी गाडी

ज्यांना 'वुल्फ क्रीक' अजून पाहायचाय त्यांनी इथूनच परत फिरा. खाली सगळं फोडलंय.

ग्रेग मॅकलीनचा २००५ सालचा हा ऑस्ट्रेलियन सिनेमा भयपट म्हणून मला फार आवडतो, आणि त्याच्या पहिल्याच पाटीवरून माझं त्याच्याशी भांडण आहे. 'सत्य घटनांवर आधारित' असं तो बजावून सांगतो. पाठोपाठ आकडे: ऑस्ट्रेलियात दरवर्षी ३०,००० माणसं बेपत्ता झाल्याची नोंद होते, ९० टक्के महिन्याभरात सापडतात, काही कधीच दिसत नाहीत. एवढं वाचून आपण सावरून बसतो, आणि जवळजवळ निम्मा सिनेमा संपेपर्यंत काहीही होत नाही.

म्हणजे होतं तसं बरंच. लिझ आणि क्रिस्टी या दोन ब्रिटिश मुली आणि सिडनीचा बेन, पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूमहून एका जुनाट गाडीतून निघतात. साल १९९९. दारू, समुद्र, गाडीतली फालतू बडबड, उडत्या तबकड्यांच्या गप्पा, पेट्रोल पंपावर टग्यांशी झालेली बाचाबाची, बेन आणि लिझचं अर्धवट जुळत आलेलं प्रेम. माझे दोन मित्र इथेच कंटाळून उठले. मला मात्र हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. भयपटातली पोरं साधारणपणे इतकी मूर्ख असतात की ती मेली तरी आपलं काही जात नाही. ही तिघं तशी नाहीत. तुमच्या-माझ्या घरातली विशी-पंचविशीची पोरं असतात तशी आहेत.

मग येतं ते वुल्फ क्रीकचं विवर. ते खरंच आहे, हॉल्स क्रीक गावाच्या दक्षिणेला, तनामी रस्त्यावरून आत गेल्यावर. उल्का आदळून झालेला साधारण ८८० मीटर व्यासाचा खड्डा. तिघं तो पाहून परततात तर घड्याळं बंद पडलेली आणि गाडी सुरू होत नाही. आपल्याकडे कुणीही म्हणेल, चकवा लागला. घड्याळं का थांबली हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही आणि तेच बरं आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही पोरं अगदी बरोबर वागतात. त्या मुलखातला पहिला नियम म्हणजे गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही. शोधायला येणाऱ्याला उन्हात भरकटलेल्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. तिघं गाडीतच थांबतात. रात्री लांबून दिवे दिसतात आणि मिक टेलर येतो. टोपी, चौकड्याचा शर्ट, गडगडाटी हसू. बॉनेट उघडून डोकावतो, कॉइल गेलीय म्हणतो, पार्ट माझ्या तळावर आहे, तिथवर ओढून नेतो. पैसे? छे!

जॉन जॅरटने हा माणूस असा उभा केलाय की पहिली दहा मिनिटं आपणही त्याच्या बाजूने असतो. गंमत म्हणजे १९९०च्या दशकात हाच जॅरट ऑस्ट्रेलियन टीव्हीवर घरगुती सुतारकाम आणि दुरुस्त्या शिकवायचा. तिथल्या प्रेक्षकांच्या बैठकीच्या खोलीत शिरलेला, 'द्या इकडे, मी करतो' म्हणणारा चेहरा! हा माणूस निवडणाऱ्याला सलाम. शेकोटीपाशी बेन 'क्रोकोडाइल डंडी'मधला चाकूचा प्रसिद्ध विनोद मारतो आणि मिक हसायचा थांबतो. नुसता बघत राहतो. १९८६च्या त्या सिनेमाने जगाला विकलेला भोळाभाबडा, दिलदार रानगडी त्या एका नजरेत संपतो. पाणी म्हणून त्याने दिलेलं ती पिऊन बसलेली असतात, हे आपल्याला नंतर कळतं.

उत्तरार्धाबद्दल मी फार लिहिणार नाही. लिझ जागी होते तेव्हा हातपाय बांधलेले असतात. पुढे पाठीच्या कण्यावर चाकू चालवण्याचा एक प्रसंग आहे, तो मी प्रत्येक वेळी पुढे पळवतो. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने या सिनेमाला शून्य तारे दिले होते. मी इतका कडक होणार नाही, पण त्याचा राग मला समजतो. मिकच्या तळावरच्या एका शेडमध्ये लिझला आधीच्या प्रवाशांचे कॅमेरे सापडतात आणि एका चित्रफितीत मिक दुसऱ्याच एका कुटुंबाला अशीच हसतखेळत मदत करताना दिसतो. मला विचाराल तर कण्याच्या प्रसंगाच्या दसपट भीती त्या फितीत आहे.

आता त्या पाटीकडे येऊ. अशी एक अखंड सत्य घटना कुठेच घडलेली नाही. मुख्यत्वे दोन प्रकरणांचे तुकडे घेऊन शिवलेली ही गोधडी आहे.

पहिलं प्रकरण इव्हान मिलाटचं. १९८९ ते १९९२ दरम्यान त्याने सात तरुण प्रवाशांचे खून केले. पण कुठे? बेलांग्लोच्या जंगलात, जे सिडनीहून गाडीने दोनेक तासांवर आहे. मिलाट सिडनीच्या उपनगरात राहायचा, रस्त्यांच्या कामावर होता आणि ह्यूम महामार्गावर लिफ्ट मागणाऱ्यांना गाडीत घ्यायचा. महामार्ग, उपनगर, नोकरीधंदा असलेला माणूस. सिनेमाने त्याला उचलून हजारो किलोमीटर लांब उजाड मुलखात नेऊन ठेवलं आणि दोष त्या मुलखाच्या माथी मारला.

मुलूख तरी रिकामा कुठे आहे? त्या विवराला तिथले आदिवासी जारू लोक कंडिमलाल म्हणतात. इंद्रधनुषी सर्प तिथे जमिनीतून वर आला अशी त्यांची कथा आहे. जवळच आदिवासी वस्ती आहे. गोऱ्यांना ते विवर १९४७ मध्ये विमानातून दिसलं. सिनेमात मात्र या माणसांचा मागमूस नाही, कारण माणसं दिसली तर 'इथे हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही' हा खेळच बसत नाही.

दुसरं प्रकरण पीटर फाल्कोनिओ या ब्रिटिश प्रवाशाचं. जुलै २००१, स्टुअर्ट महामार्ग, बॅरो क्रीकजवळ. रात्री शेजारून आलेल्या गाडीतला माणूस खूण करतो: तुमच्या एक्झॉस्टमधून ठिणग्या उडताहेत. पीटर उतरून मागे जातो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. ब्रॅडली मर्डॉकला त्याच्या खुनासाठी डिसेंबर २००५ मध्ये जन्मठेप झाली. सिनेमा त्याच सुमारास आला, त्यामुळे खटला चालू असलेल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात त्याचं प्रदर्शन थांबवून ठेवावं लागलं. मर्डॉक २०२५ मध्ये मेला. पीटरचा मृतदेह कुठे आहे हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

म्हणजे मदतीच्या मिषाने येणारा खुनी, हे सिनेमाने खऱ्यातूनच घेतलंय, मान्य. पण दोन्ही प्रकरणांत आणखी एक माणूस आहे. मिलाटने पिस्तूल काढल्यावर १९९० मध्ये एक ब्रिटिश तरुण गाडीतून उडी मारून महामार्गावर धावत सुटला. भरधाव गाड्यांमधली एक थांबली. चालवणारी बाई, गाडीत मुलंबाळं, मागे पिस्तूलवाला. तिने त्याला आत घेतलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. फाल्कोनिओची मैत्रीण बांधलेल्या हातांनी निसटली, झुडपात काही तास लपून राहिली आणि अखेर एका रोड ट्रेनपुढे, म्हणजे मागे डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकपुढे, आली. चालकांनी ब्रेक मारला, तिचे हात सोडवले, सोबत नेलं. त्याच निर्मनुष्य रस्त्यावर, त्याच रात्री.

सिनेमात हे आहे का? क्रिस्टीसाठी एक म्हातारा थांबतो आणि लगेच गोळी खाऊन मरतो. बेन बेशुद्ध पडलेला असताना एक स्वीडिश जोडपं त्याला उचलतं. किती वेळ? डोळा चुरचुरला म्हणून चोळायला घेतलात तर ते जोडपं निघून गेलेलं असतं. नंतर पाट्या येतात की पोलिसांचा संशय बेनवरच गेला. हेही खऱ्यातलं, फाल्कोनिओच्या मैत्रिणीवर तिथल्या वृत्तपत्रांनी असाच संशय घेतला होता. संशय पूर्ण उचलला, थांबणारी माणसं मात्र ओझरती.

आणि खरी हादरवणारी गोष्ट तर पडद्यावर आलीच नाही. त्या ब्रिटिश तरुणाची पोलिसांकडची तक्रार तशीच पडून राहिली. मिलाट १९९४ मध्ये पकडला गेला. त्या तक्रारीनंतर आणखी पाच जणांचा जीव गेला होता.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. २०२४ पासून भारतातल्या १८ ते ३० वयाच्या १,००० जणांना ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा सोडतीने मिळतो, तिने नाव घातलंय. ताईने कुणाच्या तरी सांगण्यावरून हा सिनेमा पाहिला आणि घरात कर्फ्यू. मी ताईला रोड ट्रेनवाल्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आणि ठिणग्यावाल्याचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीला एवढंच म्हटलं की तिकडे खुन्यापेक्षा ऊन आणि अंतर जास्त धोक्याचं. जादा पाणी ठेव, कुठे चाललीस ते कुणाला तरी सांगून नीघ, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडू नकोस. ती म्हणाली, "मामा, मी मेलबर्नला कॅफेत काम करणार आहे."

२०१३च्या दुसऱ्या भागात मिक आणखी जोरात येतो. विनोद मारतो, ट्रक उडवतो, अगदी नायकाच्या थाटात. मला तो अजिबात आवडला नाही. त्यात वाट बघणं नाही, आणि पहिल्या भागातली सगळी भीती वाट बघण्यात होती. ज्यांना दुसरा जास्त आवडलाय त्यांनी खाली लिहा, भांडायला मी रिकामाच आहे.