शहर बांधाला लागल्यावर काय करावं?

शेतकरी बंधूंनो, अभिनंदन! बांधाला लागून बारा मजली टॉवर उभा राहिला म्हणजे तुमचं नशीब उजळलं. आमचं गाव २०२१ साली आणखी बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं, तेव्हापासून आमचं उजळतंच आहे. म्हणून अनुभवाचे चार शब्द.

एकरात बोलणं सोडा, गुंठ्यात बोला. एकाचे चाळीस होतात.

जमीन विकायची झाली तर आधी बहिणींना साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सह्या घ्या, मग गाडी बुक करा. क्रम चुकवू नका.

गोठा हलवा. बाल्कनीत चहा घेताना शेणाचा वास येतो म्हणे. रात्री मोटारही लावू नका, आवाज होतो. लाईट रात्रीच येते, हा तुमचा प्रश्न.

पाण्याची काळजी नको. खडकवासल्याचं पाणी आधी शहर पितं, मग तेच वापरलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शेतीच्या बेबी कालव्यात येतं. प्रक्रिया केलेलं असतं. कालव्यावरचा फेस बघून घ्या.

ओढ्याचं मात्र नीट समजून घ्या. पाणी वाहून जायला ओढा असतो, हा आपला गावठी समज. ओढ्यात भराव टाकायचा, वर पार्किंग करायचं आणि खालून दोन फुटी नळी काढायची, याला विकास म्हणतात. गेल्या मंगळवारी पाऊस झाला, नळी तुंबली आणि सोसायटीचं सगळं काळं पाणी माझ्या वीस गुंठे पालकात शिरलं. काढणी दोन दिवसांवर होती. जुड्या बांधायला चार बायका सांगून ठेवल्या होत्या, त्यांचाही रोज बुडाला. सोसायटीत गेलो, तर गेटवर वहीत नाव लिहायला लावलं. लावणारा माझ्याच वर्गातला. गेट आहे तिथं त्याची विहीर होती. मान खाली घालून त्यानं पेन दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "तो नैसर्गिक नाला आहे, आमचा काय संबंध?" महापालिकेच्या कार्यालयात गेलो, तर म्हणे फोटो ॲपवर टाका. टाकला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली काढली. कोणी काढली? इथं तर कुत्रंही फिरकलं नाही! पूर्वी सरपंचाच्या ओट्यावर जाऊन भांडता तरी यायचं. ग्रामपंचायत गेली, आणि मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर नगरसेवक तर वर्षानुवर्षं नव्हतेच. भांडायचं कोणाशी, ॲपशी?

हां, सूचना राहिली. शांत राहा.

नाही, बास झालं. कसला सल्ला देतोय मी? अहो सोसायटीवाले, रविवारी आमच्या टेंपोपाशी येऊन "ऑर्गेनिक आहे ना?" विचारता, वर जुडीमागं पाच रुपये कमी करायला लावता. त्या पालकात तुमच्याच संडासाचं पाणी शिरलं होतं. मी तो विकला नाही, रोटर मारून गाडला. विकला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. तुमच्या आवारात मैलापाणी शुद्ध करायचं मशीन आहे, ब्रोशरमध्ये त्याचा फोटोही छापलाय. वीजबिल वाचवायला ते बंद ठेवता, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पोहण्याच्या तलावाचा पंप बरा दिवसभर चालतो! लाज वाटत असेल तर आजच्या आज ते मशीन चालू करा.