नोटा माझा, हिशोब त्यांचा

२०२४ च्या लोकसभेला इंदूरनं नोटाला, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नको" या बटणाला, २,१८,६७४ मतं दिली. त्यातलं एक माझं. मत गुप्त असतं हे मला ठाऊक आहे, तरी लिहून टाकते, कारण परवा एका मुंजीत माझ्या मताची परस्पर वाटणी झाली. भाजपवाले दीर म्हणाले, "वहिनी, शेवटी काँग्रेसचंच ऐकलंत ना?" आणि जुने काँग्रेसी असलेले शेजारचे काका म्हणाले, "शाब्बास, आमच्या हाकेला ओ दिलीत!" अहो, मी तुम्हा दोघांनाही नाही म्हटलं होतं. तेवढंच म्हटलं होतं.

बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगते. २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी नाव मागे घेतलं आणि ते थेट भाजपच्या गाडीत जाऊन बसले. मंत्री कैलास विजयवर्गीय यांनी गाडीतला फोटोसुद्धा टाकला. आठवडाभर आधीच सुरतमध्ये मतदानाशिवाय खासदार निवडून आला होता. आमच्याकडे बाकीचे उमेदवार उरले म्हणून निदान बोटाला शाई तरी लागली. सकाळी लवकर मत देऊन या आणि छप्पन दुकान या खाऊगल्लीत फुकट पोहे-जलेबी खा, असं व्यापाऱ्यांचं आमंत्रणही होतं. खायला भरपूर होतं, निवडायला काही नव्हतं.

भाजपवर माझा राग यासाठी की हे करायची गरज काय होती? १९८९ मध्ये भाजपच्या सुमित्राताई महाजनांनी प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवलं, तेव्हापासून ही जागा भाजपचीच. ताई आठ वेळा निवडून आल्या. आमच्या रामबागेत तर काँग्रेसच्या घरांतूनही "ताई आपल्या" म्हणून मतं पडायची, आमच्या घरातूनही पडली. २०२३ ला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा जागा भाजपच्या. असं असताना समोरचा माणूस पळवायचा? याची काही गरजच नव्हती, असं खुद्द ताईच तेव्हा म्हणाल्या. शेवटी भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले. एवढ्या फरकानं जिंकलेल्याला आमच्या गल्लीतल्या कुरकुरीनं काय फरक पडणार?

काँग्रेसनं तर हद्दच केली. उमेदवार टिकवता आला नाही, मग "नोटा दाबा" म्हणून प्रचार सुरू केला. म्हणजे पक्षांना नाकारायचं जे एक बटण सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मिळवून दिलं, तेच एका पक्षाचं चिन्ह होऊन बसलं. निकालानंतर ते दोन लाख अठरा हजार त्यांनी आपल्या खात्यात जमा करून टाकले. माझ्यासारख्यांना कुणी विचारलं का?

आणि हा पक्ष २०१८ ला मध्य प्रदेशात सत्तेत आला तो आमच्यासारख्या काठावरच्यांच्या मतांवर. पंधरा महिन्यांत बावीस आमदार राजीनामे देऊन गेले आणि मार्च २०२० मध्ये सरकार पडलं. आमच्या जिल्ह्यातल्या सांवेरचे तुलसी सिलावट तेव्हा काँग्रेसचे आमदार होते, पोटनिवडणुकीत ते भाजपचे आमदार झाले. मतदार तेच, माणूस तोच. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, पण तो निवडून आलेल्यांना लागतो, आणि त्यांनीही राजीनामा दिला की वाट मोकळी. उमेदवाराला तर तो लागतच नाही.

बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचं तर बोलायलाच नको. भाजपनं १,०००, काँग्रेसनं १,५०० कबूल केले, मग भाजपनं १,२५०. लिलाव चालल्यासारखं.

मी कुठल्याही बाजूची कट्टर नाही. स्वच्छतेचं श्रेय मी नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, मोकळ्या मनानं देते आणि घरात सहा प्रकारचा कचरा वेगळा करते. पण बीआरटीएस, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, २०१३ ला थाटात सुरू झाली आणि २०२५ मध्ये तोडायला घेतली. बांधणारेही तेच, तोडणारेही तेच. त्या पैशांचा जाब कुणी विचारायचा? दोन-अडीच लाख मतं घेऊन हरलेला, पण शहरात टिकून राहिलेला एखादा माणूस विचारू शकला असता. मला जिंकणाऱ्यापेक्षा तो हरणारा जास्त हवा आहे. नोटा निगममध्ये जाऊन प्रश्न विचारत नाही.

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्येच नियम केला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. लोकसभेला तसं नाही. नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मतं मिळवणारा उमेदवार खासदार होतो. हा नियम बदलायची घाई दोन्हीपैकी एकाही पक्षाला दिसत नाही.

२०२७ ला इथे निगमची निवडणूक येईल. पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवकपदासाठी, जो कुणी हात जोडत दारी येईल, त्याला मी नळ, नाली, रस्ता यातलं काही विचारायच्या आधी एवढंच विचारणार आहे : भाऊ, नाव मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे असाल?